सामना जामठ्याला, मुक्काम कुठे? नागपूरच्या हॉटेलांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नागपूरला क्रिकेटचा सामना जाहीर झाला की आमच्या गावच्या वाचनालयाकडे तिकिटांपेक्षा मुक्कामाचे प्रश्न अधिक येतात. यवतमाळ जिल्ह्यातल्या कळंब तालुक्यातला माणूस एरवी दवाखान्यासाठी, कोर्टाच्या तारखेसाठी किंवा लग्नाच्या खरेदीसाठी नागपूरला जातो आणि संध्याकाळच्या एसटीने परत येतो. रात्री अकरा वाजता शहराबाहेरच्या मैदानातून हजारो लोकांबरोबर बाहेर पडण्याची त्याला सवय नसते. म्हणून हॉटेल निवडताना खोलीपेक्षा परतीची वाट आधी ठरवावी, असे आमचे मत आहे, आणि पुढची उत्तरे त्याच मताला धरून लिहिली आहेत. प्रश्न शक्यतो विचारणाऱ्यांच्याच शब्दांत ठेवले आहेत.

१. जामठ्याचे स्टेडियम नागपुरातच आहे ना? मग बर्डीतले (सीताबर्डीतले) हॉटेल स्टेडियमजवळचे म्हणता येईल का?

म्हणता येणार नाही. जामठ्याचे स्टेडियम २००८ मध्ये सुरू झाले. ते वर्धा रोडवर, सीताबर्डीपासून सुमारे १६ ते १८ किलोमीटर अंतरावर आहे. तिथे सुमारे ४५ हजार प्रेक्षक बसतात आणि सामना संपला की ते सगळे जवळजवळ एकाच वेळी त्याच रस्त्यावर येतात. त्यामुळे एरवी अर्ध्या-पाऊण तासाचा असलेला रस्ता त्या रात्री किती वेळ घेईल, हे सांगता येत नाही. शहरातले हॉटेल आणि स्टेडियमजवळचे हॉटेल या नागपुरात दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्यांपैकी काय निवडावे, ते प्रश्न ४ मध्ये आहे.

२. मोबाइलवर एक हॉटेल ‘विदर्भ क्रिकेट असोसिएशन स्टेडियमपासून एक किलोमीटर’ असे दाखवते आणि स्वस्तही आहे. घेऊ का?

आधी ते कोणत्या स्टेडियमपासून एक किलोमीटर आहे, हे पाहा. विदर्भ क्रिकेट असोसिएशनची दोन मैदाने आहेत. जुने मैदान सिव्हिल लाइन्समध्ये, सदरच्या शेजारी आहे. तिथे १९६९ मध्ये नागपूरचा पहिला कसोटी सामना न्यूझीलंडविरुद्ध झाला आणि आता प्रामुख्याने देशांतर्गत सामने होतात. आंतरराष्ट्रीय सामने जामठ्याला होतात. नावातल्या या सारखेपणामुळे सदरमधली खोली घेऊन सामन्याच्या दुपारी धावपळ केलेली माणसे आम्हाला माहीत आहेत. याशिवाय धंतोलीत, बर्डीला लागून यशवंत स्टेडियम आहे आणि मानकापूरला विभागीय क्रीडा संकुल आहे. कबड्डी, कुस्ती, अॅथलेटिक्स अशा स्पर्धांसाठी जाणाऱ्यांनी तिकीट किंवा पत्रक हातात घेऊन मैदानाचे नाव आणि वस्तीचे नाव अशी दोन्ही वाचावीत.

जुन्या मैदानाची गाठ मात्र कधी कधी जामठ्याच्या प्रेक्षकालाही पडते. याआधीच्या काही सामन्यांना ऑनलाइन काढलेले तिकीट प्रत्यक्ष हातात घेण्यासाठी सिव्हिल लाइन्सला जावे लागले होते. तुमच्या तिकिटावर तशी अट असेल, तर त्या कामाचा वेळ धरूनच मुक्कामाचे ठरवावे.

३. मुक्काम खरोखर करावा लागतो का? सामना पाहून रात्रीच परत येता येणार नाही का?

सामन्याच्या प्रकारावर ते अवलंबून आहे. कसोटीचा खेळ सकाळी साडेनऊला सुरू होऊन साडेचार-पाचला संपतो, त्यामुळे एका दिवसाचा खेळ पाहून वर्धा, देवळी, हिंगणघाटचा माणूस जेवायला घरी पोहोचू शकतो. दिवस-रात्रीचा एकदिवसीय सामना दुपारी दीडला सुरू होऊन साडेनऊच्या आसपास संपतो. टी-ट्वेंटी मात्र संध्याकाळी सातला सुरू होतो आणि अकरापर्यंत चालतो. त्यानंतर अंधारात वर्धा रोडवर उभे राहून एसटीला हात दाखवण्याच्या भरवशावर कोणीही राहू नये. लांब पल्ल्याच्या गाड्या भरलेल्या असतात आणि त्या गर्दीत चालक गाडी थांबवेलच असे नाही. स्वतःची गाडी असणाऱ्यांसाठी प्रश्न १५ पाहा.

४. मग खोली नेमकी कोणत्या भागात घ्यावी?

सर्वाधिक विचारला जाणारा प्रश्न हाच आहे, म्हणून त्याचे उत्तर सविस्तर देतो.

रेल्वे स्टेशन आणि गणेशपेठ बसस्थानक यांच्या आसपास सर्वांत स्वस्त लॉज मिळतात. एसटीतून उतरून पिशवी हातात घेऊन पायी पोहोचता येते आणि सकाळी परतीची गाडी पकडणे सोपे जाते. रात्रभर गाड्यांचा आवाज येतो, आणि एकाच गल्लीत चांगले आणि वाईट लॉज शेजारीशेजारी असतात, म्हणून खोली पाहिल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नयेत. चादर उचलून गादी पाहावी, नळ सोडून पाणी येते का ते पाहावे आणि खिडकी बाहेर उघडते की जिन्यात, हेही पाहावे. या तीन गोष्टींना दोन मिनिटे लागतात आणि कोणताही प्रामाणिक व्यवस्थापक त्याचा राग मानत नाही.

बर्डीचा फायदा असा की मेट्रोच्या दोन्ही मार्गिका तिथे मिळतात, जेवणाची सोय उशिरापर्यंत असते आणि बरोबर कुटुंब असेल तर दिवसभर बाजारही पाहता येतो. तिथे चारचाकी लावणे ही मात्र मोठी अडचण आहे. ‘पार्किंग आहे’ या उत्तरावर थांबू नका, ते हॉटेलच्या स्वतःच्या आवारात आहे की समोरच्या रस्त्यावर, हे विचारा. सदर आणि सिव्हिल लाइन्स हा शांत, पण महाग भाग आहे. धंतोली आणि रामदासपेठेत दवाखाने दाटीने आहेत, त्यामुळे तिथल्या साध्या लॉजमध्ये रुग्णांचे नातेवाईक उतरलेले असतात आणि खोली मिळाली तरी रात्री मोठ्याने बोलत जिना चढण्याची ती जागा नाही.

बसने किंवा रेल्वेने येणाऱ्या आणि स्वतःची गाडी नसलेल्या माणसाला आम्ही छत्रपती चौक ते उज्ज्वल नगर हा वर्धा रोडचा पट्टा सुचवतो. तो मेट्रोच्या नारंगी मार्गिकेवर आहे आणि जामठ्याहून परतताना शहराच्या गर्दीत शिरण्याआधीच येतो. शिवाय तेथून बर्डीही फार लांब नाही. या पट्ट्यात स्टेशनजवळच्या लॉजपेक्षा भाडे जास्त असते, पण रात्री अकरानंतर स्टेशनपर्यंत ऑटोवाला जे मागेल, ते धरले तर फरक फारसा उरत नाही. हॉटेल नकाशावर ‘मेट्रोजवळ’ दिसले, तरी खोलीपासून मेट्रोच्या जिन्यापर्यंत चालत किती मिनिटे लागतात, असा साधा प्रश्न फोनवर विचारावा.

जामठ्याच्या अगदी जवळ, खापरी आणि मिहानच्या बाजूला, मोठी महागडी हॉटेले आहेत. परवडत असतील तर उत्तमच. बुटीबोरी हा पर्याय कोणी सहसा विचारत नाही, पण तो काहींना सर्वांत सोयीचा आहे. तो प्रश्न ६ मध्ये सांगितला आहे.

५. मेट्रोने स्टेडियमपर्यंत जाता येते का? रात्री परतीची मेट्रो मिळते का?

मेट्रो सध्या खापरीपर्यंत जाते. तेथून स्टेडियम पुढे काही किलोमीटर आहे आणि ते अंतर बस, ऑटो किंवा टॅक्सीनेच कापावे लागते. बुटीबोरीकडे जाणारा दुसरा टप्पा जामठ्यावरूनच आखलेला आहे, पण त्याचे काम चालू असताना त्याच्या भरवशावर मुक्काम ठरवता येत नाही. एरवी शेवटची मेट्रो रात्री दहाच्या सुमारास सुटते. मोठ्या सामन्यांच्या दिवशी महामेट्रोने ही वेळ वाढवल्याचे अनुभव आहेत, पण ती घोषणा प्रत्येक सामन्यासाठी वेगळी होते, म्हणून आदल्या दिवशी वर्तमानपत्रात किंवा महामेट्रोच्या अॅपवर ती स्वतः पाहावी. परतीच्या वेळी तिकीट खिडकीवर मोठी रांग लागते. महाकार्ड (मेट्रोचे आधी पैसे भरून ठेवायचे कार्ड) किंवा मोबाइलवर काढलेले तिकीट जवळ असल्यास ती टळते.

६. आम्ही यवतमाळ, वर्धा, चंद्रपूरकडून येतो. आम्हालाही शहरातच राहावे लागेल का?

नाही, आणि हे लक्षात न घेतल्यामुळे आपल्याकडची माणसे उगाच दुप्पट प्रवास करतात. वर्ध्याकडून किंवा जाम, हिंगणघाट, वरोऱ्याकडून येणाऱ्याला आधी बुटीबोरी लागते, मग जामठा आणि त्यानंतर नागपूर. स्टेडियम ओलांडून शहरात जायचे, सामान टाकायचे, पुन्हा मागे यायचे आणि रात्री पुन्हा शहराकडे जाणाऱ्या गर्दीत शिरायचे, यात काहीच अर्थ नाही. बुटीबोरी औद्योगिक वसाहतीचे गाव असल्यामुळे तिथे कामानिमित्त येणाऱ्यांसाठी साधी हॉटेले आणि लॉज आहेत. जामठ्यापासून ते दहा-बारा किलोमीटरवर आहे आणि सामना सुटल्यावर बहुसंख्य गर्दी नागपूरकडे जात असताना तुम्ही उलट दिशेला जाता. गाडी स्वतःची असली तरच मात्र हे जमते.

बुलडाणा, वाशीम, अमरावती जिल्ह्यांतून समृद्धी महामार्गाने येणारी गाडी शिवमडक्याला उतरते. ते शहराच्या याच बाजूला असल्यामुळे तेथूनही जामठा जवळ पडतो. समृद्धीवर दुचाकीला बंदी आहे, हे मोटारसायकलवर निघालेल्या तरुणांनी विसरू नये. भंडारा-गोंदियाकडच्या गाड्यांना बाह्य वळणरस्ता आहे. तरीही तिकडच्यांनी पूर्व नागपुरात मुक्काम केला तर दुसऱ्या दिवशीचा प्रवास सोपा होतो. उमरेडमार्गे येणाऱ्या गडचिरोलीकरांनी शक्यतो रात्रीच परत निघू नये, कारण तो रस्ता लांबचा आहे आणि काही भाग जंगलाचा आहे.

७. खोली किती दिवस आधी बुक करावी? सामन्याच्या वेळी भाडे वाढते का?

भाडे वाढते, आणि सामन्याची तारीख जाहीर झाली त्याच आठवड्यात खोली धरून ठेवणे उत्तम. रद्द केल्यास पैसे परत मिळतील अशी खोली थोडी महाग असली तरी तीच घ्यावी, कारण तिकीट मिळेल की नाही हे त्या वेळी ठाऊक नसते.

नागपूरच्या दोन वेळा वेगळ्या लक्षात ठेवाव्यात. डिसेंबरमध्ये विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशन असते आणि तेव्हा सिव्हिल लाइन्स, सदर, बर्डी इथल्या खोल्या अधिकारी, कार्यकर्ते आणि मोर्चेकरी यांनी भरतात. दुसरी वेळ दसऱ्याची. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी दीक्षाभूमीवर धम्मदीक्षा घेतली, त्या स्मरणार्थ धम्मचक्र प्रवर्तन दिनाला लाखो लोक शहरात येतात, आणि त्या दिवसांत मुक्काम काय, रेल्वेत उभे राहायलाही जागा नसते. त्यात लग्नाची दाट तारीख आली तर मंगल कार्यालयांजवळची हॉटेले वऱ्हाडी मंडळींसाठी आधीच घेतलेली असतात.

८. फोनवर खोली ठरवली आणि आगाऊ पैसेही पाठवले. खोली मिळेल याची खात्री काय?

तोंडी शब्दाची खात्री नसते. पैसे पाठवण्याआधी व्यवस्थापकाकडून मोबाइलवर लेखी संदेश मागावा. तो साधारण असा असावा: ‘दिनांक अमुक, दुपारी बारापासून एक रात्र, तीन माणसांसाठी एक खोली, भाडे १,८०० रुपये, कर वेगळा, आगाऊ ५०० रुपये मिळाले, दोन दिवस आधी रद्द केल्यास परत.’ असा संदेश पाठवायला जो कुरकुर करतो, त्याच्याकडे पैसे पाठवू नयेत. पैसे पाठवताना पडद्यावर येणारे नाव हॉटेलचे किंवा मालकाचे आहे का, हे पाहावे, कारण नकाशावर हॉटेलच्या नावाखाली भलत्याच माणसाचा क्रमांक टाकून फसवणूक होते. तसे झाल्यास ताबडतोब १९३० या सायबर मदत क्रमांकावर फोन करावा. पहिले काही तास मोलाचे असतात. हॉटेल खरे असून त्याने शब्द मोडला, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे आणि तिथे तुमचा लेखी संदेशच उपयोगी पडतो.

सामन्याच्या दोन दिवस आधी आणि निघण्याच्या सकाळी, असे दोनदा फोन करून आपण येत असल्याचे कळवावे. गर्दीच्या दिवशी न कळवणाऱ्याचीच खोली आधी दुसऱ्याला जाते.

९. बिलात जीएसटी किती लागतो?

एका दिवसाचे भाडे ७,५०० रुपयांपर्यंत असेल तर २२ सप्टेंबर २०२५ पासून ५ टक्के, आणि त्यापेक्षा जास्त असेल तर १८ टक्के. म्हणजे १,८०० रुपयांच्या खोलीवर ९० रुपये. त्याआधी हा कर १२ टक्के होता; जुन्या दराने कोणी बिल करत असेल तर नम्रपणे दाखवून द्यावे. नोंदणी नसलेला छोटा लॉज कर लावू शकत नाही, म्हणून कर मागितल्यास जीएसटी क्रमांक असलेले बिल मागावे.

१०. ओळखपत्र कोणाकोणाचे लागते? आधारची झेरॉक्स देणे सुरक्षित आहे का?

खोलीत राहणाऱ्या प्रत्येक प्रौढ व्यक्तीचे लागते, एकट्या कुटुंबप्रमुखाचे नव्हे. आधार, मतदार ओळखपत्र, वाहन परवाना यांपैकी काहीही चालते. पॅनकार्डावर पत्ता नसल्यामुळे ते बहुतेक ठिकाणी स्वीकारत नाहीत. आधार द्यायचे असेल तर पहिले आठ आकडे झाकलेली प्रत आधारच्या संकेतस्थळावरून काढता येते. झेरॉक्सवर तारीख आणि ‘फक्त हॉटेल मुक्कामासाठी’ असे आडवे लिहून द्यावे.

११. रात्री बारानंतर परत आलो तर लॉजवाले दार उघडतात ना?

हे गृहीत धरू नका. २३ सप्टेंबर २०२२ चा भारत-ऑस्ट्रेलिया टी-ट्वेंटी सामना मैदान ओले असल्यामुळे अडीच तास उशिरा, साडेनऊला सुरू झाला आणि आठ-आठ षटकांचा झाला. आम्ही चौघे स्टेशनजवळच्या एका लॉजवर परतलो तेव्हा मध्यरात्र उलटून गेली होती. शटर पूर्ण खाली होते आणि आतल्या बाकावर झोपलेल्या पोऱ्याला जाग यायला पाऊण तास लागला. शटरच्या पट्ट्यांवर हाताने वाजवत होतो आणि समोरच्या इमारतीतले दिवे एकेक लागत होते. बरोबरच्या काकांना मधुमेह होता आणि त्यांच्या गोळ्या वरच्या खोलीत होत्या. सामना लांबेल हे आम्हाला ठाऊक नव्हते, पण रात्री दार कोण उघडतो हे विचारणे आमच्या हातात होते आणि ते आम्ही विचारले नव्हते. तेव्हापासून खोली घेतानाच रात्रपाळीच्या माणसाचे नाव आणि मोबाइल क्रमांक घेतो, आणि औषधे खिशात ठेवतो. तुम्हीही तसेच करावे.

१२. सामना संध्याकाळी आहे, पण हॉटेलवाला म्हणतो बाराला खोली सोडा. सामान कुठे ठेवायचे?

दोन पद्धती आहेत. जुन्या लॉजमध्ये चोवीस तासांचा हिशेब असतो. सकाळी नऊला घेतलेली खोली दुसऱ्या दिवशी नऊला सोडायची. हॉटेलांत बहुधा दुपारी बारा ते दुसऱ्या दिवशी अकरा असा दिवस धरतात. रात्रीच्या सामन्याला दुपारी खोली घेऊन सकाळी सोडणे सर्वांत किफायतशीर ठरते. स्टेडियममध्ये पिशव्या, पाण्याच्या बाटल्या, पॉवर बँक नेऊ देत नाहीत आणि दारावर ते ठेवून घेण्याची सोय असेल असे धरू नये, म्हणून खोली सोडल्यावरही सामान हॉटेलात ठेवू देतात का, हे विचारावे. रेल्वेचे तिकीट असणाऱ्यांना नागपूर स्थानकावरचे क्लोक रूम उपयोगी पडते. तिथे पिशवीला कुलूप लागते.

१३. कसोटीसाठी पाच रात्रींची खोली घेतली आणि सामना लवकर संपला तर पैसे परत मिळतात का?

अट आधी ठरवली नसेल तर सहसा मिळत नाहीत. जामठ्याची खेळपट्टी फिरकीला साथ देते आणि नोव्हेंबर २०१५ मधला दक्षिण आफ्रिकेविरुद्धचा तसाच फेब्रुवारी २०२३ मधला ऑस्ट्रेलियाविरुद्धचा, हे दोन्ही कसोटी सामने तिसऱ्या दिवशीच संपले. म्हणून तीन रात्रींची खोली पक्की करावी आणि पुढच्या दोन रात्री रोजच्या रोज वाढवण्याची मुभा प्रश्न ८ मधल्या लेखी संदेशात लिहून घ्यावी. रणजी सामन्यांना ही चिंता नसते, कारण तेव्हा गर्दी कमी असते आणि खोल्या मिळतात.

१४. आमच्या शाळेच्या बारा मुली कबड्डीसाठी नागपूरला नेणार आहोत. हॉटेल घ्यावे का?

आधी आयोजकांकडे निवासाची सोय आहे का, हे विचारावे. बऱ्याच शालेय स्पर्धांना ती असते. हॉटेलच घ्यायचे असेल तर सगळ्या खोल्या एकाच मजल्यावर, शिक्षिकेची खोली जिन्याच्या बाजूला आणि आतून लागणारी कडी प्रत्येक दाराला, या तीन गोष्टींत तडजोड करू नये. कडी हाताने लावून पाहावी. मुलींना एकटीने खाली जेवायला पाठवू नये. स्पर्धेच्या दिवशी तर्रीपोहे आणि सावजी टाळावे. नागपूरला आल्यावर मुली तेच मागतात, हे खरे असले तरी ते परतीच्या दिवशी द्यावे.

उन्हाळ्यातल्या शिबिरांसाठी एक जोड द्यावीशी वाटते. मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ अंशांच्या वर जातो. एसी परवडत नसेल तर कूलरची खोली चालते, पण कूलर खिडकीत बाहेरच्या बाजूने बसवलेला असावा आणि त्यात रात्री पाणी कोण भरणार, हे ठरलेले असावे. बंद खोलीत आत ठेवलेला कूलर केवळ घाम वाढवतो.

१५. जामठ्याच्या कॅन्सर रुग्णालयाजवळ खोल्या मिळतात असे ऐकले. सामन्यासाठी तिथे थांबावे का?

आमची विनंती आहे की थांबू नये. जामठ्याला नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूट आहे आणि विदर्भाच्या खेड्यापाड्यांतून उपचारासाठी आलेल्या रुग्णांचे नातेवाईक आसपास भाड्याने राहतात. सामन्याच्या दोन दिवसांसाठी आपण जास्त पैसे दिले की घरमालकाला मोह होतो, आणि केमोथेरपीच्या दिवशी त्या माणसांना लांबून यावे लागते. आपल्यापैकी प्रत्येकाच्या गावातले कोणी ना कोणी तिथे असते.

ज्यांना पहाटे कापूस वेचणीसाठी किंवा दुधासाठी घरी असणे भागच आहे आणि म्हणून रात्री गाडी हाकत निघण्याचा विचार आहे, त्यांनी तिथे खोली शोधण्यापेक्षा बुटीबोरीला लॉज घ्यावा, चालवणाऱ्याने किमान चार तास झोपावे आणि चारच्या सुमारास निघावे. भाडे ठरवताना पहाटे चारला खोली सोडणार असल्याचे सांगितले, तर काही ठिकाणी अर्ध्या दिवसाचे पैसे घेतात. बिल रात्रीच चुकते करून ठेवावे, म्हणजे पहाटे कोणाला उठवावे लागत नाही.